‘माझ्याच्यानं होत नाही’ला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न : मी नागपूरच्या मानेवाड्यात राहते, पतसंस्थेत हिशेब लिहिते. जरा चुकलं की मनात सुरू होतं, ‘माझ्याच्यानं काहीच धड होत नाही.’ आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणून पाहिलं, पण खोटं बोलल्यासारखं वाटतं. टेकडीच्या गणपतीवर श्रद्धा आहे. तिचा इथे उपयोग होईल का?

उत्तर : नक्की होईल, ताई. आरशासमोर खोटं वाटलं म्हणून तुमची श्रद्धा कमी ठरत नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला आधीच कमी लेखणाऱ्यांना स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य घोकून जास्तच वाईट वाटलं. न पटणाऱ्या मोठ्या वाक्याविरुद्ध मन लगेच पुरावे काढायला लागतं.

म्हणून आधी आठवडाभर पर्समध्ये छोटी वही ठेवा. मन टोचलं की वेळ, काय घडलं आणि मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘काहीच’, ‘नेहमी’, ‘कधीच’ या शब्दांखाली रेघ मारा. खोट बहुतेक तिथेच सापडते.

मग उत्तर लिहा. त्यात घडलेलं, देवाकडे मागणं आणि पुढच्या दहा मिनिटांतलं काम, तिन्ही हवं. समजा, ताळा जुळत नाही, 90 रुपयांचा फरक आहे. ‘फरक 90 चा आहे, बाकी जुळलंय. बाप्पा, चित्त थाऱ्यावर ठेव. नऊने भाग जातो, म्हणजे 540 चे 450 असे आकडे उलटे पडले असतील. आधी तेच बघते.’ हे दहापैकी किती पटतं ते विचारा. सातच्या खाली आलं तर वाक्य छाटा.

इथे एक चूक फार होते. ‘बाप्पा सगळं नीट करेल’ म्हटलं की काम देवावर ढकललं जातं, आणि दुसऱ्या दिवशीही फरक तसाच दिसला की श्रद्धेलाच तडा जातो. बळ मागा, निकाल मागू नका. ‘मी घाबरणार नाही’ असंही नको, त्यात भीतीचंच नाव येतं; ‘सावकाश मोजते’ म्हणा.

स्वतःला नावाने हाक मारून बोलल्यास ताण हाताळणं सोपं जातं, असं मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांच्या 2014 च्या संशोधनात दिसलं. आपले संतही ‘मना’ म्हणून मनाला समोर बसवूनच समजावत आले. सकाळी दिवा लावताना, मन शांत असताना, लिहिलेलं उत्तर तीनदा ऐकू येईल असं म्हणा. शंभरदा घोकलं तर जीभ चालते, मन भलतीकडे.

दोन आठवडे बहुतेक वेळ उदास वाटलं, झोप-भूक बिघडली तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जा. जगूच नये असं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, 24 तास सुरू असतो.

प्रश्न : चौथीतला मुलगा गणितात अडला की ‘मी ढ आहे’ म्हणतो. ‘नाही रे, हुशार आहेस’ म्हटलं तर चिडतो.

उत्तर : वाद घालू नका. ‘हातच्याची वजाबाकी अजून बसली नाही, दोन गणितं सोबत करू’ म्हणा. मुलं घरातलंच उचलतात. पोळी करपली तर ‘मी वेंधळीच’ नको. ‘आच मोठी राहिली, कमी करते’ असं त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा.