दोन ठिकाणी एकच उत्तर

"मॅडम, मला इथे येऊन नऊ महिने झाले. म्हणजे मी आत्ता 'यू'च्या तळाशी आहे ना?"

व्हिडिओ कॉल सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. परदेशात मास्टर्स करणारी ही मुलगी. दोन सत्रं उत्तम गुणांनी पार पाडलेली आणि आता बारा आठवड्यांच्या इंटर्नशिपच्या पाचव्या आठवड्यात अडकलेली. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, रात्री एकपर्यंत लॅपटॉपसमोर बसते, सकाळी उठवत नाही. बरोबरचे सगळे रुळले, मग माझीच लायकी नाही, की हे सगळ्यांचंच होतं आणि आपोआप जातं? इंटर्नशिपचा हंगाम आला की हा प्रश्न कुणाकडून तरी येतोच.

आधी त्या 'यू'बद्दल, म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाचं मन सुरुवातीला वर, मग खाली आणि पुन्हा वर जातं असं सांगणाऱ्या इंग्रजी U आकाराच्या रेषेबद्दल. स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहिलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५५ साली त्यावर लेख लिहिला. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले दिसले, मधल्या काळातले कमी. त्यातून ती वक्ररेषा आली आणि परदेशी जाणाऱ्यांच्या मार्गदर्शनात कायमची जाऊन बसली. पण तिन्ही गटांतली माणसं वेगवेगळी होती, एकाच माणसाचा प्रवास कुणी मोजला नव्हता. न्यूझीलंडमध्ये शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात जास्त त्रास दिसला तो पोचल्या-पोचल्याच. थोडक्यात, ही रेषा म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नाही. नववा महिना आला म्हणून कुणी तळाला जात नाही आणि नुसतं थांबून राहिलं म्हणून वरही येत नाही.

एवढं शहाणपण सांगूनही पहिल्या भेटीत मी चुकलेच. झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे सगळं विचारून घेतलं. तातडीचं काही नव्हतं. मग मी हे घरच्या आठवणीचं दुखणं धरलं आणि ठरावीक सल्ले दिले: घरी रोज बोल, सुट्टीच्या दिवशी बाहेर पड, चार ओळखी कर. ती मान डोलावत राहिली. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाली, "हो मॅडम, सगळं ठीक आहे." ते इतकं सफाईने आलं की मी विचारलं, "हे वाक्य तू आणखी कुणाला म्हणतेस?"

थोडा वेळ गेला. "मॅनेजरना. ते रोज विचारतात, काही अडलंय का. आणि आईला."

इथे गाठ सापडली. तिला दिलेल्या कामात एक डेटा टेबल होतं. त्यातले आकडे बाकीच्यांशी जुळत नव्हते आणि नऊ दिवस ती एकटीच ते जुळवत बसली होती. रात्रीचा एक वाजत होता तो त्यापायी. विचारत का नव्हती? विचारलं तर कळेल ना, की हिला येत नाही! वर्गात पहिली येणाऱ्या मुलांचं हे असंच होतं, आणि मला वाटतं यात त्यांचा दोष कमी आहे. सतरा-अठरा वर्षं ज्याला उत्तर येतं त्याला गुण मिळतात. इंटर्नशिपमध्ये उलटा हिशोब असतो. इंटर्नला सगळं येत नाही हे गृहीतच धरलेलं असतं. अडलेलं कधी कळवतो, कसं मांडतो, यावर वरिष्ठांचं लक्ष असतं. फक्त हे कुणी बोलून दाखवत नाही. तुझं गप्प राहणं त्यांनी 'काम नीट चाललंय' असंच वाचलं असणार, असं मी तिला म्हटलं.

तिने स्क्रीन दाखवली. मॅनेजरना पाठवायचा मेसेज अर्धवट लिहून ठेवला होता. अकरा ओळी, त्यातल्या पहिल्या चार नुसत्या माफीच्या. आम्ही दोघींनी मिळून तो तीन ओळींवर आणला: काय करते आहे, काय-काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं. पाठवताना तिचा हात बटणावर बराच वेळ थांबला होता.

उत्तर चार मिनिटांत आलं. ते टेबल टीमने कधीच सोडून दिलं होतं, नवीन कुठे आहे त्याची लिंक सोबत होती. खाली एक ओळ: हे तुला आधीच सांगायला हवं होतं.

नऊ दिवस! तिला हसावं की रडावं कळेना. मग दोन्ही झालं.

त्यानंतर आम्ही एकच नियम ठेवला. एखाद्या गोष्टीशी पाऊण तास झटून पुढे सरकलं नाही तर विचारायचं, रात्रीवर ढकलायचं नाही. मीटिंगमध्ये ती लगेच बोलायला लागली असं काही नाही. आठव्या आठवड्यात एक प्रश्न विचारला, तोही घसा खाकरून. नोकरीची ऑफर मिळेल का ही धाकधूक राहिलीच. मध्येच एकदा तिने सगळं सोडून परत येण्याची भाषा केली. तेव्हा मी एवढंच म्हटलं की इंटर्नशिप मध्येच सोडली तर व्हिसावर काय परिणाम होतो हे आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सीनियर्सना नको. आणि दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर माझ्या पुढच्या वेळेची वाट न पाहता विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जा. तशी वेळ आली नाही.

आईशी बोलणं मात्र तिला मेसेज पाठवण्याहून अवघड गेलं. इतक्या लांबून ती काय करणार, उगाच काळजी करत बसेल, हे तिचं म्हणणं मला काही खोटं वाटलं नाही. तरी एका रात्री "ठीक नाहीये" असं तिच्या तोंडून गेलंच. नऊ दिवसांची सगळी कहाणी तिने सांगितली. आईने मध्ये न बोलता ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं,

"टेबल वापरतच नाहीत? मग तुम्ही सगळे बसता कुठे?"