बाळाचं पहिलं खेळणं घेताना

अगं, चार महिन्यांच्या बाळाला रिमोटची गाडी कशाला? आत्ता त्याला मुठीत मावणारं आणि निर्धास्त चघळता येणारं काहीतरी हवं: हलका खुळखुळा, धुता येणारा कापडी चेंडू. सगळं तोंडातच जाणार, म्हणून ओल्या फडक्याने घासून रंग निघतो का ते आधी बघ.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावेल असा कुठलाही तुकडा देऊ नकोस, घशात अडकतो. त्याहून मला धास्ती वाटते ती बटणासारख्या चपट्या सेलची. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं घेऊच नकोस. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठ.

1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर ते नसेलही. तिथली भातुकली सुंदरच, पण चिमुकली भांडी तीन वर्षांनंतर.

बाळ धरून उभं राहू लागलं की पांगुळगाडा आण. बसायचा चाकांचा वॉकर मात्र कोणी भेट दिला तरी वापरू नकोस. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून पडत होती.