डॉल्फिन बघायला जावं की नको?

प्रश्न : गेल्या मे मध्ये आम्ही देवबागला डॉल्फिन ट्रिपला गेलेलो. एक डॉल्फिन दिसला आणि लगेच चार-पाच बोटी त्याच्या मागं लागल्या, पोरं खूश झाली पण मला कसंतरीच झालं. यंदा डिसेंबरमध्ये सासूबाई पण येणारेत, त्यांना खूप हौस आहे. जावं का? आणि आपल्याकडं व्हेल दिसतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं. पण जा तुम्ही, फक्त बोट नीट बघून घ्या.

आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर कुबडासारखा उंचवटा असतो बघा. हा उथळ पाण्यातला, खाडीच्या तोंडाशी मासे खायला येणारा जीव, म्हणून तर देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथं तो दिसतो. त्याला आवाजाच्याच आधारानं मासे शोधायचे असतात, पिल्लाला हाक द्यायची असते, आणि वर पाच इंजिनं घरघरत असतील तर त्यानं ऐकायचं काय? जगभरात ही जात धोक्यात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यात सगळे डॉल्फिन-व्हेल पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं.

तर पैसे देण्याआधी बोटवाल्या दादांशी स्पष्ट बोला, की दादा, पाठलाग नको, पन्नासेक मीटर लांब थांबा, इंजिन न्यूट्रलला टाका, आम्हाला घाई नाही. समोरून आडवं जायचं नाही, मागून पण नाही, बाजूनं हळू. आधीच दोन बोटी असतील तर आपली तिसरी घालूच नका. चांगले बोटवाले खरंच ऐकतात, त्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे. सकाळी सातच्या सुमारास निघा, वारा कमी असतो, पाणी शांत, म्हणजे सासूबाईंनाही त्रास कमी. लाइफ जॅकेट सगळ्यांना हवंच, नसेल तर त्या बोटीत पाय ठेवू नका.

पोरांना आधीच सांगून ठेवा की हा टीव्हीवरच्यासारखा उड्या मारत नाही, जरा लाजरा आहे. करडी पाठ दोन-तीन सेकंद वर येते, फुस्स असा श्वासाचा आवाज येतो आणि गेला. इंजिन बंद असेल तर तो आवाज ऐकू येतो आणि मला विचाराल तर खरी मजा तीच.

व्हेलचं म्हणाल तर कोकणासमोरून ते जातात, 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याला 42 फुटी ब्लू व्हेल किनाऱ्याला लागून मेला होता. पण आपल्याकडं समुद्र लांबवर उथळच आहे, खोल पाणी फार आत, त्यामुळं तासाभराच्या ट्रिपमध्ये व्हेल दाखवतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. श्रीलंकेत मिरिस्साला मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होतं, म्हणून तिथं डिसेंबर ते एप्रिल ब्लू व्हेल बघायला बोटी जातात. गर्दी तिथंही होते, त्यामुळं बोट निवडताना प्रश्न हेच विचारा.