बायपासपूर्वी श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचे यंत्र पुरेसे आहे का?

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर बांबोळीच्या रुग्णालयात वडिलांची बायपास व्हायची आहे, हातात तीन आठवडे आहेत, आणि घरी आणलेले तीन चेंडूंचे यंत्र रोज ओढल्यास न्यूमोनिया टळेल का, असे आपण विचारले आहे. मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे. असे रुग्ण माझ्याकडे येतात.

चेंडूंचे यंत्र दीर्घ श्वासाची सवय लावते, आणि शस्त्रक्रियेनंतर ते उपयोगी पडते; परंतु त्यात म्हणण्यासारखा विरोध नसल्याने स्नायूंचे बळ त्याने फारसे वाढत नाही. बळ वाढवण्यासाठी स्प्रिंगची झडप असलेले वेगळे उपकरण मिळते. ठरावीक जोर लावल्याखेरीज ती झडप उघडतच नाही, त्यामुळे श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना, विशेषतः श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला), वजन उचलल्यासारखे श्रम पडतात. नेदरलँड्समध्ये फुप्फुसांचा धोका अधिक असलेल्या २७९ बायपास रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किमान दोन आठवडे रोज २० मिनिटे हा सराव केलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांचे विकार झाले, तर इतरांपैकी ३५ टक्के रुग्णांना. सराव करणाऱ्यांना कफ काढण्याचे तंत्रही शिकवले होते, हे मी मुद्दाम सांगते, कारण नुसते उपकरण विकत आणून भागत नाही.

भुलीमुळे फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो; पुढे छातीच्या जखमेच्या भीतीने रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. मला सर्वांत जास्त काळजी शस्त्रक्रियेनंतरच्या याच दिवसांची वाटते.

तेव्हा तीन आठवडे पुरेसे आहेत, पण सुरुवात याच आठवड्यात व्हावी. वडिलांचा श्वास आत ओढण्याचा कमाल जोर मोजून साधारण त्याच्या ३० टक्क्यांवर आरंभ करतात आणि झेपेल तसा भार वाढवतात. हा आकडा घरी अंदाजाने ठरवू नये. बसल्या जागी छातीत दुखत असेल, कानाचा पडदा फाटला असेल किंवा पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साचली असेल, तर शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय उपकरणाला हात लावू नये. विडी-सिगारेट असल्यास ती आजच बंद करावी.

छातीशी उशी घट्ट धरून खोकण्याचा सराव आतापासूनच करून घ्यावा, आणि तीच उशी रुग्णालयात सोबत न्यावी.