हात मोकळे, ध्यान भलतीकडे: गाडी चालवताना मोबाइल, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडी चालवताना मोबाइल वापरण्यावर सरकार सरळ बंदी का घालत नाही? (वाचक, चिंचवड)

बंदी आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना हातात धरून मोबाइल वापरणं हे 'धोकादायक वाहनचालन' ठरलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक जण तुरुंगात जात नाहीत, कारण कलम २०० खाली या गुन्ह्याची दंड भरून तडजोड करता येते. कलम १८४ मधल्या मोबाइलच्या भागालाच ही सवलत मुद्दाम दिलेली आहे.

मात्र पैसे भरले की सुटलो, हा समज चुकीचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ प्रमाणे वाहन चालवताना मोबाइल वापरणं हे परवाना निलंबित करण्याचंही कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना अशा चालकांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला सांगितलं होतं. पोलिस परवाना ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. रिक्षा-टॅक्सीवाल्याला हे तीन महिने दंडापेक्षा कितीतरी महाग पडतात.

एक सूट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यासाठी, म्हणजे नेव्हिगेशनपुरता फोन चालतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

प्रश्न : मी ब्लूटूथवर बोलतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. मग बिघडतं कुठे? (वाचक, नाशिक)

कायद्याच्या शब्दांत फारसं बिघडत नाही, कारण कायदा 'हातात धरलेल्या' साधनाबद्दल बोलतो. बिघडतं ते डोक्यात.

टोरांटोतल्या अपघातग्रस्त चालकांच्या फोनबिलांवरून १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काहीच फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही जवळपास हेच आकडे आले. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या सिम्युलेटर (गाडी चालवण्याचा आभास देणारं यंत्र) प्रयोगांत दिसलं की बोलणाऱ्या चालकाची नजर फलकावर पडते, पण फलक 'दिसत' नाही. नंतर विचारलं तर आठवत नाही.

'मग शेजारी बसलेल्याशी बोलतो ते?' हा प्रश्न यावर नेहमी येतो. कसारा घाटात वळणावर समोरून ट्रक आला की शेजारचा माणूस आपोआप गप्प होतो, कधी 'अरे, बघ बघ' असंही म्हणतो. फोनवरच्या माणसाला ना घाट दिसतो, ना ट्रक. तो आपला हिशेब विचारत राहतो, आणि उत्तर द्यायला उशीर झाला की 'हॅलो, हॅलो' सुरू करतो.

आता अंतराचं गणित करू. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद धरलं तर २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकने पुढे आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५. बोलण्यात गुंतल्यामुळे अर्धा सेकंद उशीर झाला तर सव्वाआठ मीटर वाढले, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबणारी गाडी त्याच्या पलीकडे जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद मान खाली घातली तर ५० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ला तेच अंतर ८३ मीटर होतं.

घरच्यांचा फोन आला तर 'गाडीत आहे, पोचलो की करतो' एवढं बोलून ठेवा. भांडण, वसुली, मुलाचे मार्क आणि जागेचा व्यवहार हे चार विषय चालत्या गाडीत नकोत.

प्रश्न : डिलिव्हरीचं काम आहे, मोबाइलशिवाय चालत नाही. हँडलला कसा बसवावा? (वाचक, ठाणे)

हँडलच्या मधोमध, मीटर आणि इंडिकेटरचे दिवे झाकणार नाहीत असा. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. होल्डर टाकीला घासत असेल किंवा ब्रेकची केबल ताणली जात असेल तर जागा बदला. फक्त स्प्रिंगवर धरणारा स्वस्त होल्डर खड्ड्यात फोन उडवतो. चारही कोपरे पकडणारा आणि वर रबरी जाळी असलेला घ्या.

इंजिनाच्या थरथरीने महागड्या फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा नीट काम करेनाशी होते आणि फोटो धूसर येऊ लागतात. अॅपलने २०२१ मध्ये मोटारसायकलस्वारांना याबद्दल सावध केलं होतं. थरथर शोषणारा रबरी डॅम्पनर लावा, नाहीतर कामासाठी जुना फोन ठेवा.

चार्जरची वायर थेट बॅटरीवरून घेऊ नका, चावी बंद केली तरी तो थोडी थोडी वीज खात राहतो. इग्निशन चालू असतानाच वीज मिळणाऱ्या वायरवरून घ्या आणि मध्ये २-३ अँपिअरचा फ्यूज टाका.

पावसात खरी अडचण वेगळीच. थेंब स्क्रीनवर पडले की फोनला ते बोट वाटतं, नकाशा भलतीकडे सरकतो आणि स्वार चालत्या गाडीवर अंगठ्याने काच पुसत बसतो. निघतानाच पुढची दोन-तीन वळणं पाठ करा आणि पुढचा रस्ता पाहायला डावीकडे थांबा. नवी ऑर्डर स्वीकारणं हे नेव्हिगेशन नव्हे, हेही लक्षात असू द्या. २०२० ची सूट तिला लागू नाही.

फोन हेल्मेटमध्ये कानाशी खुपसून 'हातात कुठे आहे?' असा युक्तिवाद करणारे बरेच असतात. त्यावर विसंबू नका. इतरांना धोका होईल असं वाहन चालवणं कलम १८४ मध्ये एरवीही गुन्हाच आहे. शिवाय पडलात तर फोनचा कडक कोपरा गालाच्या हाडावर येतो, आणि हेल्मेट डोक्याला घट्ट बसलेलं नसतं ते वेगळंच.

प्रश्न : चंद्रपूरच्या उन्हात काचेवर लावलेला फोन मध्येच बंद पडतो. (वाचक, चंद्रपूर)

आयफोनसाठी कंपनीने वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलं आहे. मे महिन्यात काचेमागे ते सहज ओलांडलं जातं. मग फोन आधी उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी झोपतो. काचेवरचा होल्डर काढून एसीच्या जाळीवर लावा, गार हवा थेट पाठीवर येते. जागा निवडताना डॅशबोर्डवर 'एअरबॅग' लिहिलंय तिथे आणि तिच्या वाटेत काहीही नको.

प्रश्न : फोन बंद ठेवला तर घरचे घाबरतात. मधला मार्ग? (वाचक, नागपूर)

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग फोकस, मग ड्रायव्हिंग. 'गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर' हा पर्याय निवडा म्हणजे विसरायची सोय उरत नाही. ऑटो-रिप्लायमध्ये मराठीत लिहून ठेवा : 'गाडी चालवतोय, पोचल्यावर फोन करतो.' अँड्रॉइडवर 'मोड्स' किंवा 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये ड्रायव्हिंग सापडेल, नावं कंपनीगणिक बदलतात. 'पुन्हा कॉल करणारे' हा पर्याय चालू ठेवा. त्याच माणसाने थोड्या वेळात (अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत) दुसऱ्यांदा फोन केला तर रिंग वाजते. घरी एवढंच सांगून ठेवा की खरंच निकड असेल तर लागोपाठ दोनदा करा.

प्रश्न : सिग्नलला गाडी उभी असताना मेसेज पाहिला तर? (वाचक, पुणे)

चलान येऊ शकतं. लाल दिव्याला थांबलात म्हणजे गाडी पार्क केली असं होत नाही, आणि कॅमेरे नेमके सिग्नलवरच असतात. ब्रिटनमध्ये तर कायद्यातच सिग्नल आणि कोंडी दोन्ही धरलेले आहेत.

प्रश्न : कान खाजवत होतो, कॅमेऱ्याने मोबाइल समजून चलान पाठवलं. (वाचक, कोल्हापूर)

भरण्याआधी फोटो बघा. २०२१ च्या नियम १६७ए प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानसोबत छायाचित्राचा पुरावा, तारीख, वेळ आणि ठिकाण असावं लागतं, आणि नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत निघावी लागते. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अॅपवर चलान क्रमांक टाका, फोटो मोठा करून हातात नक्की काय आहे ते पाहा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तिथेच तक्रार नोंदवा. दंड भरून टाकला की हरकतीला जोर राहत नाही.

प्रश्न : मग हँड्सफ्रीवरही पूर्ण बंदी हवी का? (वाचक, सांगली)

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये हँड्सफ्रीसह सगळ्यावर बंदीची शिफारस केली होती. ती तशी अमलात आली नाही, आणि कारण उघड आहे. ओठ हलताहेत म्हणून दंड कसा करणार? माणूस गाणंही म्हणत असेल. हातातला फोन मात्र कॅमेऱ्यात पकडता येतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर २०१९ पासून त्यासाठी खास कॅमेरे लावले. ब्रिटनमध्ये २०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा दंडगुण, आणि परवाना मिळून दोन वर्षं न झालेल्याचा तेवढ्यावर परवानाच जातो.

आमचं मत : सरसकट बंदीपेक्षा शाळेच्या बस, एसटी, अवजड वाहनं आणि नवे परवानाधारक यांच्यासाठी हँड्सफ्रीही बंद करावं. तिथे मालक, आगार किंवा शाळा यांना जबाबदार धरता येतं. २०२२ च्या केंद्रीय अहवालात मोबाइलमुळे ३,३९५ मृत्यू दाखवले आहेत, एकूण १,६८,४९१ पैकी दोन टक्के. हा आकडा आम्हाला कमी वाटतो, कारण अपघातानंतर फोनची नोंद क्वचितच तपासली जाते आणि कारणाच्या रकान्यात 'अतिवेग' लिहून मोकळं होता येतं.

प्रश्न : एसटीचा चालक फोनवर बोलत असेल तर प्रवाशाने काय करावं? (वाचक, सातारा)

चालकाशी चालत्या गाडीत वाद घालू नका, त्याने त्याचं लक्ष आणखी उडतं. वाहकाला शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर गाडीचा क्रमांक, आगाराचं नाव, वेळ आणि जागा टिपून घ्या, तिकीट जपून ठेवा आणि उतरल्यावर आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या, पोचही घ्या.