‘मराठी शाळेत घातली, ते चुकलं का?’

जानेवारीत पेडणे तालुक्यातून एक आई माझ्याकडे पणजीला आल्या. मुलगी सप्टेंबरात इंग्लंडला गेलेली, किनारा व्यवस्थापनात मास्टर्स करायला. पहिल्याच निबंधाला ४६ गुण पडले. तिकडे मास्टर्सला पास व्हायला साधारण ५० लागतात आणि ७० म्हणजे डिस्टिंक्शन, हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. बीएस्सीला ८२ टक्के घेणारी पोर ४६वर आली, एवढंच त्यांना दिसलं. ती फोनवर रडत होती, परत येते म्हणत होती.

"मॅडम, चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत घातली, ते चुकलं का हो आमचं?"

दरवर्षी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच, आणि माझं उत्तर ठाम आहे: नाही. पाचवीपासून पुढची अकरा वर्षं ती इंग्रजीतूनच शिकली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी साडेसहा बँड मिळवून गेली. पण त्या परीक्षेतला मोठा निबंध असतो किमान २५० शब्दांचा, ४० मिनिटांत लिहायचा, आपल्या मनातलं मत मांडायचं. विद्यापीठात मागतात अडीच-तीन हजार शब्द, आणि तेही दहा-बारा जणांचं वाचून, त्यांच्यामध्ये स्वतः कुठे उभं आहोत हे दाखवत. या दोन कामांत फार अंतर आहे. घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांनाही हे वेगळं शिकावं लागतं. विद्यापीठातल्या लेखनाची भाषा ही कुणाचीच घरातली भाषा नाही.

दोन दिवसांनी मुलीशी व्हिडिओ कॉल झाला. तिकडे दुपारचे चार, इथे रात्रीचे साडेनऊ. निबंध तिने आधीच पाठवला होता. विषय तिच्याच गावचा, खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. व्याकरणाच्या चुका मोजून सहा-सात. पहिला परिच्छेद मात्र आपल्या शाळेतल्या निबंधासारखा: निसर्ग माणसाचा मित्र, आजच्या धावपळीच्या युगात वगैरे. तिला काय म्हणायचंय ते चौथ्या पानावर सापडलं. तिथे लिहिलं होतं, ‘खारफुटीने खाजन शेती नष्ट केली, हे यावरून सिद्ध होते.’ समासात प्राध्यापकांचा एकच प्रश्न: कशावरून?

मी विचारलं, "सकाळी उठलीस आणि अंगण ओलं दिसलं, तर आईला काय सांगशील?"

"पाऊस पडला असावा."

"पडला असं का नाही म्हणत?"

"पडताना कुठे बघितला मी?"

"आणि शेजारणीने सांगितलं असेल तर?"

"पडला म्हणे." आणि ती एकदम थांबली.

‘असावा’मध्ये पुरावा किती आहे याचं माप आहे आणि ‘म्हणे’मध्ये बोलणं कुणाचं आहे याची कबुली. विद्यापीठाचं इंग्रजी हेच मागतं, प्रत्येक विधानाला. ‘सिद्ध होते’च्या जागी ‘असे सूचित होते’, आणि ऐकीव-वाचीव गोष्टीला लेखकाचं नाव नि वर्ष. हा विवेक तिच्याकडे लहानपणापासून होता, तोही मराठीतून आलेला. मग खारफुटीचं वाक्य आम्ही परत उलगडलं. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, शेत पडीक राहिलं, आणि मग खारफुटी वाढली असावी. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे तिचं तिलाच दिसलं.

दुसरी अडचण नाजूक होती. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने बऱ्याच ओळी रंगवल्या होत्या. मूळ लेखातलं वाक्य घ्यायचं, चार शब्द बदलायचे, असं तिने केलं होतं. चोरीचा हेतू नव्हता. "यापेक्षा चांगलं मला लिहिता येत नाही, मॅडम," ती म्हणाली. खूप मुलं हेच करतात आणि मनातल्या मनात भीत राहतात. यावर मी एकच सवय लावते: पान वाचायचं, मिटायचं, काय वाचलं ते मराठीत किंवा कोंकणीत मोठ्याने सांगायचं, मग न बघता इंग्रजीत लिहायचं. शेवटी मूळ पान उघडून पडताळायचं. पहिले काही दिवस वाक्यं ओबडधोबड येतात. येऊ द्यावीत. आयतं गुळगुळीत वाक्य देणारी साधनं हाताशी आहेत, पण त्यांत सांगून बघण्याची पायरीच गळते, आणि नियम मोडल्याची चौकशी मागे लागू शकते ती वेगळीच.

सोबत तिने आपल्या विषयातले तीन शोधनिबंध घेतले आणि फक्त प्रस्तावना वाचल्या. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलने मराठीत लिहायचं, हे वाक्य काय काम करतं: ‘आधी काय झालंय ते’, ‘काय राहिलंय’, ‘मी काय करणार’. अशी कामाची वाक्यं मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अकॅडमिक फ्रेजबँक’मध्ये फुकट मिळतात. तिच्या विद्यापीठात लेखन मार्गदर्शन केंद्रही होतं. ते ‘कच्च्या मुलांसाठी’ असेल या लाजेने ती तिथे गेली नव्हती. तिथे जायला तिला पटवणं हेच माझं सगळ्यात अवघड काम ठरलं.

मार्चमधल्या निबंधाला ५८ मिळाले. तिने पानाचा फोटो पाठवला. भरतीला मिटणारं नि ओहोटीला उघडणारं बांधातलं दार, आपली मानस, तिने पहिल्याच पानावर समजावली होती. समासात पुन्हा प्रश्न होता, पण या वेळी कुतूहलाचा: या दाराची देखभाल आता कोण करतं?

तिने आजोबांना फोन लावला होता.