स्क्वॉश मर्जनंतर जुनेच कमिट परत का दिसतात?

प्रश्न : गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) पहिली पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) स्क्वॉश करून, म्हणजे तिचे सगळे कमिट (नोंदवलेले बदल) एकत्र करून, मेन या मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाली. त्याच ब्रँचवर पुढचं काम करून दुसरी टाकली, तर जुने कमिट परत दिसतात, कॉन्फ्लिक्टही (एकाच जागचे न जुळणारे बदल) येतात. असं का?

उत्तर : स्क्वॉशमध्ये मेनवर एकच नवा कमिट बनतो. तुमचे मूळ कमिट मेनच्या इतिहासात नसतातच, म्हणून गिट तुलना तुमची ब्रँच मेनपासून जिथे फुटली त्या जुन्या फाट्यापासूनच करतं. आधी मेन फेच करा (सर्व्हरवरून ताजी स्थिती आणा). मग गिट रिबेसला (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणारी आज्ञा) ‘ऑन्टो’ पर्यायासह क्रमाने द्या : ताजं ओरिजिन-मेन (सर्व्हरवरचं मेन), पहिल्या रिक्वेस्टमधला तुमचा शेवटचा कमिट, ब्रँचचं नाव. त्या शेवटच्या कमिटनंतरचेच कमिट उचलले जातील. पुश ‘फोर्स विथ लीज’ने करा (सर्व्हरवर तुम्ही न आणलेलं काम असेल तर तो थांबतो), नुसता ‘फोर्स’ सहकाऱ्याचं काम पुसू शकतो. खरं तर मर्ज झालेली ब्रँच तेव्हाच डिलीट करून मेनवरून नवी काढायला हवी होती.